लाल चिंधीचा कॅन

"चिंधी कुठे गेली?" दादाने विचारलं.

"काढून टाकली."

"कुणाला विचारून?"

"त्यात विचारायचं काय? तेलाने चिकट होऊन कुजली होती. आता लिहिलंय मी. हे बघ, चांगलं ठळक."

दादाने दोन्ही कॅनकडे बघितलं. मग झाडांकडे बघितलं. "दिसतंय मला," तो म्हणाला. "आंधळा नाही झालो अजून."

सकाळची वेळ होती आणि वारा सुटला होता. कालव्याच्या कडेने निलगिरीची बासष्ट झाडं उभी होती, सगळी मेलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना भुंगा लागला. त्याच्या अळ्यांनी सालीखाली पोखरून वाकड्यातिकड्या वाटा काढल्या आणि बघता बघता अख्खी रांग वाळून गेली. आता हाताने ओढली तरी साल सोलून यायची. जोराचा वारा आला की फांद्या थेट रस्त्यावर पडायच्या. बागेच्या मालकीणबाईंनी आम्हाला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती.

"तुमच्याच्याने नाही झालं तर सांगा," त्या म्हणाल्या होत्या. "शहरातला ठेकेदार तयारच आहे. पण एकदा तो आला की पलीकडच्या दोन बागाही त्याच्याच, हे आधीच सांगून ठेवते."

त्या दोन बागांतली झाडंही मेलेलीच होती. ती तोडून झाली की आमच्या भागात तोडायला झाड उरणार नव्हतं. म्हणजे आमच्या हातात एवढंच शेवटचं काम होतं, आणि तेही कटर चालेल तोवर.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, सत्तरीला टेकलेला. चाळीस वर्षं आम्ही दोघं झाडं तोडत होतो. आधी दोन मुठींच्या करवतीने, एका टोकाला तो, एका टोकाला मी. मग एकोणीस वर्षांपूर्वी पेट्रोलवर चालणारा हा साखळीचा कटर आला आणि तो दादाच्या हातात गेला. माझ्याकडे राहिला दोर. कुठलं झाड आधी, कुठल्या बाजूला पाडायचं, जेवायला कधी बसायचं, सगळं दादा ठरवायचा. माझ्या घराचं दार कुठल्या अंगाला असावं हेसुद्धा त्यानेच ठरवलं होतं. ते चुकलेलं नव्हतं, उजेड चांगला येतो. पण ठरवलं त्याने.

कटरची त्याच्याइतकी निगा कुणी राखली नसेल. रोज दुपारी बुंध्यावर बसून तो साखळीच्या एकेका दाताला गोल कानशीने तीन हात द्यायचा, तिन्ही एकाच दिशेने. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा. आठवड्याला साखळीखालची लांब पट्टी उलटी करून बसवायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. वहिनी म्हणायची, "माझ्या गुडघ्याला तेल चोळायचं म्हटलं की ह्यांचे हात दुखतात. आणि त्या लाल सवतीला बघा कसे आंजारतात-गोंजारतात!"

आणि ते दोन कॅन. एकाच दुकानातून घेतलेले, एकाच मापाचे, जुळ्या भावांसारखे. एकात नुसतं पेट्रोल, दुसऱ्यात तेल मिसळलेलं. ह्या इंजिनाला तेलाची वेगळी सोय नसते. पेट्रोलातून जाईल तेवढंच तेल त्याला मिळतं. ते नसलं की आतलं लोखंड लोखंडावर घासतं आणि इंजिन स्वतःलाच खातं. मिसळलेलं फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून थोडं थोडं मिसळायचं आणि दोन्ही कॅन बरोबर न्यायचे. मिसळलेल्याच्या कडीला लाल चिंधी. शिवाय दादा ओतायच्या आधी बोट बुडवून अंगठ्यावर घासायचा. बुळबुळीत लागलं की बरोबर. एकोणीस वर्षं हे असंच चाललं आणि एकदाही चुकलं नाही.

मग एकसष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. शाळेच्या ओसरीत दुपारचा वर्ग भरायचा, शिकवणारी बाई माझ्या मुलीहून लहान. दादालाही मी चल म्हटलं होतं. "मला कुणाला पत्र पाठवायचंय?" तो म्हणाला आणि विषय मिटला. मी शिकलो आणि मग दिसेल ते वाचत सुटलो. साबणाचा कागद, औषधाची बाटली, एसटीची पाटी. घरातले कंटाळले. एक दिवस मी दोन्ही कॅन घासूनपुसून लख्ख केले, चिंधी सोडून टाकली आणि पांढऱ्या रंगाने लिहिलं. एकावर 'नुसतं पेट्रोल'. दुसऱ्यावर 'तेल घातलेलं'.

दादाला वाचता येत नाही हे मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. मला माहीत होतं. मला वाटत होतं, त्याने एकदा विचारावं. चाळीस वर्षांत एकदा त्याने माझ्याकडे वळून म्हणावं, "ह्यातलं कुठलं रे?"

त्याने चिंधीचं विचारलं त्या दिवशी आठ झाडं पडली. नवव्याला टाकी संपली. मी वीस पावलांवर दोर बांधत होतो. दादाने एका कॅनचं झाकण उघडलं आणि बोट बुडवायला हात पुढे केला.

मी तिथूनच ओरडलो, "आता बोट कशाला घालतोस दादा? लिहिलंय की त्यावर!"

त्याने हात मागे घेतला. बोट ओलं झालंच नव्हतं, तरी पँटला पुसलं. मग नरसाळं लावून कॅन उचलला. कुठला उचलला ते मी बघितलं नाही. मी माझ्या गाठीकडे बघत राहिलो.

कटर सुरू झाला, चांगला चालला. नववं पडलं, दहावं पडलं. अकराव्यात पट्टी अर्धी गेली असेल आणि आवाज बदलला. कोरडा, बारीक, चढत जाणारा. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दादाने खटक्यावरून बोट काढायच्या आत कटर खाडकन बंद पडला. त्याने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. दोरी हलेना. पुन्हा ओढली. भिंतीला बांधलेली दोरी ओढावी तसं.

"गरम झाला असेल," मी म्हटलं.

पट्टी खाचेत तशीच अडकली होती. ती सोडवायला आम्हाला पाचर ठोकावी लागली.

दुसऱ्या दिवशी सायकलवर कटर बांधून मिस्त्रीकडे गेलो. कॅनही होतेच. कटर निघाला की दोन्ही कॅन निघायचे, ही सवय. मिस्त्री एका पंपात डोकं घालून बसला होता. वर न बघता म्हणाला, "कुठला आहे?"

"लाल," दादा म्हणाला.

"लाल माझ्या सासऱ्याचं नाकही आहे, काका. पाटीवरचा नंबर सांगा. कंपनी सांगा."

मी पुढे झालो. कटरच्या बाजूला पत्र्याची लहानशी पाटी होती, भुसा आणि तेल बसून काळी पडलेली. एकोणीस वर्षांत तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मी नखाने खरवडली, थुंकी लावून पुसली आणि एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचला. एकदाही अडखळलो नाही.

"वा काका!" मिस्त्री म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "ह्याचं सामान बंद झालं. बारा वर्षं झाली. कुठे शोधू नका, नाही मिळायचं."

तरी त्याने सायलेन्सर काढला आणि आतल्या भोकात बॅटरी मारली. आम्हाला बोलावलं. आतला पिस्टन दिसत होता, वरपासून खालपर्यंत ओरखडलेला. मांजराने दार ओरबाडावं तसा.

"कोरडा चाललाय हा," तो म्हणाला. "पेट्रोलात तेल घातलं होतं ना?"

"घातलं होतं," दादा म्हणाला. तो भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत होता.

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. हे काम चिंधीचं होतं आणि चिंधी मी काढली, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो नाही.

येताना सायकल ढकलत दादा म्हणाला, "तेलच खोटं असेल. हल्ली सगळ्यात भेसळ."

"असेल," मी म्हटलं.

मग आम्ही माळ्यावरची कुऱ्हाड काढली. माळ्यावरच्या जुन्या करवतीचे दात गंजून गेले होते. वाळलेली निलगिरी दगडासारखी होते. कुऱ्हाड तिच्यावर आपटते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. दोन दिवसांत तीन झाडं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाला सदऱ्यात हात घालता येईना. वहिनीने हात धरून बाहीत घातला आणि म्हणाली, "पुरे झालं आता." तो ऐकणारा नव्हता, पण त्या दिवशी ऐकलं.

मालकीणबाईंना सांगायला मी गेलो. त्या वाईट बोलल्या नाहीत. "तुमच्या वयाला हे काम नव्हतंच," एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं.

ठेकेदाराचं मशीन ट्रॅक्टरएवढं होतं. लोखंडी हाताने झाड कवेत घ्यायचं, बुंध्याशी कापायचं आणि आडवं ठेवायचं. आम्ही दोघं कालव्याच्या पलीकडे बसून बघत होतो. दोर बांधायला तिथे कुणी लागत नव्हतं. कुठल्या अंगाला पाडायचं हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यावरून थेट डोंगर दिसायला लागला. एवढी वर्षं तो झाडांमागे होता.

"उघडं उघडं वाटतं," मी म्हटलं.

"वाटणारच," दादा म्हणाला.

महिनाभर कटर पडवीत पडून होता. दादा दुपारी त्याच्याजवळ बसायचा, पण कानस हातात घ्यायचा नाही. एक दिवस वहिनी म्हणाली, जाता-येता पायात येतो, पेट्रोलचा वास घरभर. दादा उठला, सायकलला कटर बांधला, आणि सवयीने दोन्ही कॅनही बांधले.

भंगारवाल्याला भुवया नव्हत्या. "तिथेच थांबा!" तो लांबूनच ओरडला. "टाकीत काही आहे का?"

"आहे थोडं," दादा म्हणाला.

"मग आधी रिकामी करा. मागच्या महिन्यात एकाने टाकी भरलेला पंप टाकला, माझ्या माणसाने गॅसने कापायला घेतला. बघा हे." त्याने कपाळावर हात फिरवला. "बायको म्हणते, आता तुम्हाला राग आला तरी कळत नाही. आणि त्या गटारात ओतायचं नाही हं, खालचं पाणी गुरं पितात. कॅन आहेत ना? त्यात घ्या."

आम्ही भिंतीच्या कडेला बसलो. दादाने साखळी काढली, नीट गुंडाळून बाजूला ठेवली. टाकीचं झाकण फिरवलं. दोन्ही कॅन उघडून मी नरसाळं घेऊन तयार होतो. त्याने एका हाताने कटर कलता केला, दुसरा खांदा त्याला उचलता येत नव्हता, आणि मधेच थांबला.

समोर दोन्ही कॅन होते. माझी पांढरी अक्षरं उन्हात लखलखत होती.

"ह्यातलं कुठलं रे?" दादाने विचारलं. "वाच."

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. खरंच विचारत होता.

टाकीत काय होतं ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. 'नुसतं पेट्रोल' हे दोन शब्द वाचले असते तर नवव्या झाडापाशी काय झालं ते सगळं मोठ्याने वाचल्यासारखं झालं असतं.

"कशातही ओत, दादा," मी म्हटलं. "आता काय फरक पडतो?"

त्याने दोन्ही कॅनकडे बघितलं.

"मग लिहिलं होतंस कशाला?" तो म्हणाला.

मी जवळच्या कॅनला नरसाळं लावलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो.