वाऱ्याची विजार

मी एक जुनी विजार आहे, तीही एकाच पायाची. हसा मित्रांनो, आत्ताच हसून घ्या. मला माणूस घालत नाही, वारा घालतो. छोट्या विमानांच्या धावपट्टीवर खांबाला केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची लांब पिशवी टांगलेली असते ना, ती मी. वारा कुठून येतोय, किती जोरात, हे वैमानिकाला माझ्याकडे बघून कळतं. मी लोंबले, म्हणजे वारा पडलेला.

माझा जन्म मिरजगावचा. तिथं हायवेला शमशेरभाई टेम्पोचे हूड शिवतात. त्यांची मुलगी अल्मास कर्जतकडच्या माळावर, एका खाजगी धावपट्टीवर विमान चालवायची. तिथली जुनी पिशवी फाटली. मालक नवी आणतो-आणतो म्हणत राहिले. शेवटी ती वडिलांकडं आली.

“अब्बा, वाऱ्याला विजार शिवा.”

“कंबर किती त्याची?”

“कंबर हाय, पाय एकच.”

“मग लंगडं हाय की तुझं वारं!”

दोघं हसले, आणि मी शिवले गेले. दुहेरी टाका, जाड दोरा. दोन उन्हाळे मी इमानाने काम केलं. अल्मास उतरली की मला सलाम ठोकायची.

मग कुणा चेअरमनचा वाढदिवस आला. विमानातून फुलं उधळायची टूम निघाली. अल्मास वर गेली तेव्हा हवा शांत होती. मागाहून वाऱ्याचे झोत सुटले. मी ताठ फुगले, आणि माझं टोक शेजारी लावलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, चेअरमनसाहेबांच्या तोंडावर आपटू लागलं.

“सहादेव, ही चड्डी साहेबांच्या थोबाडात मारतीय. बांध तिला!” कार्यकर्ता ओंकार ओरडला.

“इमान उतरायचंय अजून,” धावपट्टीचा रखवालदार सहादेव म्हणाला.

“उतरंल की! फोटो झाला की सोड.”

सहादेवने मला खांबाला करकचून बांधलं. वरून अल्मासला मी लोंबलेली दिसले. खाली वारा नाही, असं समजून ती उतरायला आली. आडवा झोत बसला, पंख जमिनीला लागला, विमान उलटलं. अल्मास गेली.

फोटो मात्र झकास आला.

पोलीस यायच्या आत ओंकारने दोरी कापली. लोक म्हणाले, वाऱ्याने घात केला. काही नालायक म्हणाले, पोरीच्या हातात विमान द्यावंच कशाला. मला भंगारात फेकलं. शमशेरभाईंनी तिथून उचललं, आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवलं, आणि ते थांबले.

“सहादेव, हितं दोरीचा वळ कसला?”

सहादेव खाली बघत म्हणाला, “साहेबांचं तोंड झाकत हुती, म्हणून बांधली, भाई.”

आता मी शमशेरभाईंच्या दुकानावर फडफडते. परवा समोर साहेबांचा नवा फ्लेक्स लागला. पोरं शिडी घेऊन आली.

“चाचा, पिशवी काढतो. फोटोवर येतीय.”

शमशेरभाई कापड कापायची कात्री घेऊन शिडीपाशी उभे राहिले.

“चढ की.”

कुणी चढलं नाही.

मित्रांनो, मला धुऊन घडी घालून जपू नका. मी कुणाच्याही तोंडावर आपटले तरी मला बांधू नका. वर कुणाची तरी पोर असते.