झुंबरबाबाची अंगठी

वरकुट्याच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. झुंबरबाबाने पाटीतले काळे पिल्लू तळहातावर घेतले आणि दोऱ्याला बांधलेली तांब्याची अंगठी त्यावर धरली. अंगठी सरळ झुलली.

"कोंबडा हाय!"

दुसऱ्या पिल्लावर ती गोल फिरली. "ही तलंग!"

संकरित पिल्लांतले कोंबडे आणि तलंगा, म्हणजे नर-मादी, एवढ्या लहानपणी कुणाला ओळखू येत नसत. पण मागच्या खेपेला बाबाचे एकही पिल्लू चुकले नव्हते.

"पिल्लाचं कळतं, तर बाईच्या पोटातलं का न्हाय कळायचं?" बाबा गरजला. "अंगठी गोल फिरली, म्हंजी पोरगी असली, तर माझी पुडी हायेच!"

गर्दीत सारजा उभी होती. तिला चौथा महिना होता. पहिली मुलगीच. सासू बानूबाई तिचा दंड धरून पुढे रेटत होती. त्याच पुडीने शेजारच्या कुशाबाईचे मूल गेले होते. रक्ताने भिजलेल्या कुशाबाईला ट्रॅक्टरवर घालून इंदापूरला नेताना सारजाने पाहिले होते.

बाबाने मागे सांगितलेल्या कोंबड्यांच्या डोक्यावर पिल्लू असताना पांढरा ठिपका होता, हे तिच्या ध्यानात आले होते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, तर ते हसले. "पट्टेरी कोंबडीला तांबडा कोंबडा दिला, की नर पिल्लालाच तसा ठिपका येतो." नवऱ्याला सांगून पाहिले. तो म्हणाला, "देवमाणसाची परीक्षा घेतीस व्हय?"

आता ती बाबापुढे उभी होती. पदराआडून तिने पिल्लू काढले. "बाबा, आधी ह्याचं सांगा."

अंगठी गोल फिरली. "तलंग!"

"आत्या, काल तुमीच बाबाकडनं घेतलेलं पिल्लू हाय ह्ये. काल काय म्हणालं बाबा?"

बानूबाई गोंधळली. पिल्लाच्या वाकड्या बोटावरून ओळख पटली, तशी म्हणाली, "कोंबडा म्हणालं की!"

सारजाने ओल्या पदराने पिल्लाचे डोके पुसले. तिनेच सकाळी लावलेली तव्याची काजळी निघाली आणि खालचा पांढरा ठिपका लख्ख दिसला.

"ठिपका दिसला की कोंबडा, झाकला की तलंग! अंगठी ह्यांचीच बोटं हलवत्यात. माझ्या पोटावर कुठला ठिपका बघणार?"

"तुझा वंश बुडंल, भवाने!" बाबा ओरडला.

सारजाचे डोळे भीतीने मिटले. उघडले, तेव्हा बानूबाई दोघांच्या मध्ये उभी होती. "माझ्या सुनंला शाप देतुस? हो मागं!"

कुशाबाई गर्दीतून पुढे आली. तिने बाबाच्या झोळीतली पुडी उचलली. "ही चौकीत न्यायची. माझं लेकरू गेलंय हिच्यापायी." माणसांनी बाबाला वाट दिली नाही.

घरी जाताना बानूबाई हळूच म्हणाली, "पण पोरगीच झाली तर?"

"झाली तर वाढवायची, आत्या. पुडी न्हाय घ्यायची."

बानूबाईने सुनेचा हात धरला.

चमत्कार दिसला, की हात जोडण्याआधी तो पुन्हा करून दाखवायला सांगा. खऱ्याला तपासणीची भीती नसते. आणि पोटातले मूल मुलगा की मुलगी, हा प्रश्न घेऊन कुणाच्याच दारी जाऊ नका.