शिडी सटकली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे. माझा जन्मच मारहाणीतून झाला. कोयत्याने मला तोडले, छिन्नीने माझ्या अंगाला भोके पाडली आणि त्यांत पायऱ्या ठोकून बसवल्या. तरी मी कुणावर दात धरला नाही. एका गवंड्याबरोबर मी बारा वर्षे काढली. तो माझ्या पायांशी दोन विटा अडकवायचा आणि लोकांना सांगायचा, माझ्या शिडीवर डोळे मिटून चढा. त्या शब्दांवर मी अजून जगते आहे.

मग ती भिंत आली. एका बाजूला शिंपीणमावशींचे घर, दुसऱ्या बाजूला बेकरीवाल्याचे अंगण. भिंत दोघांची, पण वर्षानुवर्षे दोघांनीही तिच्याकडे काणाडोळा केलेला. गिलावा फुगला होता, पोपडे निघत होते. शेवटी मावशींनी गवंड्याला बोलावले. भिंतीची खराब बाजू बेकरीवाल्याच्या अंगणात होती, म्हणून मला तिथेच उभे केले.

पोकळ झालेला गिलावा आधी फोडावाच लागतो. गवंडी हातोडा घेऊन असा तुटून पडला की ढेकळे दगडांसारखी सुटू लागली. खाली बेकरीवाल्याचे कणकेचे ट्रे मांडलेले. पाव भट्टीत जाईपर्यंत थांबा, असे त्याने दोनदा बजावले. भिंत तुमचीही आहे, जरा कळ काढा, असे म्हणून गवंडी घाव घालतच राहिला. तिसरे ढेकूळ थेट कणकेत पडले आणि बेकरीवाल्याचे डोके फिरले. त्याने धावत येऊन मला सणसणीत लाथ घातली.

गवंडी फरशीवर आदळला. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला, रक्त पार ट्रेपर्यंत गेले. लोक धावले. बेकरीवाला पांढराफटक पडला होता. त्याच्याकडे पाहत गवंडी कण्हत म्हणाला, शिडी सटकली. चूक आपलीही आहे, असे त्याला वाटले असावे. बेकरीवाल्याने मान डोलावली आणि त्याला उचलून दवाखान्यात नेले. मावशी म्हणाल्या, जुनीच होती ती. त्या दोन शेजाऱ्यांचे जन्मात पहिल्यांदा एकमत झाले, तेही माझ्यावर आळ घेण्यात. माझा नुसता जळफळाट झाला.

मी बेकरीवाल्याच्या अंगणातच पडून राहिले. दोन महिन्यांनी गवंड्याची बायको कुऱ्हाड घेऊन तिथे आली. तिचा नवरा आता कधीच चढणार नव्हता आणि ते माझ्यामुळे, असे ती धरून बसली होती. तिने माझ्या दोन पायऱ्या तोडल्या. मागून गवंडी कुबड्या टेकत आला. आवाज ऐकून बेकरीवालाही बाहेर आला.

"अगं, थांब," गवंडी म्हणाला. "शिडी सटकली नव्हती. यांनी लाथ मारली होती."

ती गर्रकन वळली. कुऱ्हाडीची बोथट बाजू बेकरीवाल्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यांवर कोसळला, पण त्याने हात उगारला नाही. तिने पुन्हा कुऱ्हाड उचलली, या वेळी पाते खाली करून. गवंड्याने कुबड्या टाकल्या आणि तिला मिठी मारली. दोघेही जमिनीवर पडले आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली.

मावशी धावत आल्या, काय झाले म्हणून विचारू लागल्या.

"काही नाही, मावशी," खांदा दाबून धरत बेकरीवाला म्हणाला. "शिडी पडली अंगावर."

पहिला आळ मला अजून झोंबतो. हा दुसरा मात्र मी निमूटपणे घेतला, नाहीतर ती बाई गजाआड गेली असती. भिंत अजून अर्धीच झाली आहे आणि मी तिच्या पायथ्याशी मोडून पडले आहे. मला दुरुस्त करा नाहीतर चुलीत घाला, तुमची मर्जी. पण मित्रांनो, वर माणूस असताना, कितीही राग आला तरी, शिडीला पाय लावू नका.