मावशीचा खांदा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या डाव्या भिंगावर ओरखडा आहे, ते आधीच सांगून टाकते. झाकली मूठ वगैरे मला जमत नाही!

कारखान्यातून नवी कोरी बाहेर पडले तेव्हा काय माझा तोरा! एका साहेबांनी मला हौसेने विकत घेतलं, दोनदा डोळ्यांना लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. कित्येक वर्षं मी चादरींखाली पडून होते. शेवटी आवराआवर करताना त्यांच्या सुनेने मला जंगलाच्या फाटकाजवळच्या प्रशिक्षण केंद्राला देऊन टाकलं. माझं नशीबच उघडलं!

तिथे गावातल्या लोकांना गाइडचं काम शिकवत. पाहुण्यांना जंगल कसं दाखवायचं, ते सगळं. मी एका मावशीच्या वाट्याला आले. इथे शिकायला येण्याआधी ती शहरातल्या हॉटेलात भांडी घासायची आणि तिची लेक इथे गावात मावशीच्या बहिणीकडे वाढत होती. "पास झाले तर लेकीजवळ राहीन गं बाई," असं ती मला पुसता पुसता म्हणायची. मला अगदी भरून यायचं.

पण मावशीची एक खोड होती. घुबडाची ढोली आली की ती मला डोळ्यांवरून काढायचीच नाही. "अगं बाई! कसं डोळे वटारतंय, बघा तरी!" बघणार कसं? मागच्यांच्या नशिबी नुसती तिची पाठ! शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, "मावशी, पाहुणे काय तुमची पाठ बघायला येणार आहेत? अशानं नापास व्हाल हं."

परीक्षेला ताईंनी खरेखुरे पाहुणे आणले. त्यात एक आजोबा होते. चालता चालता ढोलीत काहीतरी हललं. घुबडाचं पिल्लू दिसावं म्हणून मावशी कित्येक दिवस टपून होती. तिचे हात शिवशिवले, मला कळलं ना! पण तिने माझा पट्टा आजोबांच्या गळ्यात घातला.

आजोबांचे हात थरथरत होते. त्यांना नुसती पानंच नाचताना दिसली. "राहू दे बाई, वय झालं आता."

"राहू दे कसं?" मावशी त्यांच्यापुढे पाठ करून उभी राहिली. "टेकवा माझ्या खांद्यावर. मी हलायची नाही."

मी टेकले. किती स्थिर खांदा होता तो!

"पिल्लू!" आजोबा कुजबुजले. "जांभई देतंय लबाड!"

"रंग कसा आहे? सांगा ना," मावशी न हलता म्हणाली.

एकेक पाहुणा त्याच खांद्यावरून बघून गेला. मावशीची पाळी आली तोवर पिल्लू आत गेलं होतं. ताईंनी तिला गाइडचा बिल्ला लावला. "आजची पाठ आवडली हं मावशी," त्या म्हणाल्या, आणि मावशी रडता रडता हसली.

मित्रांनो, मला मऊ फडक्याने पुसा. आधी पट्टा गळ्यात घाला. पोटभर बघा आणि शेजारच्याला द्या. कपाटात मात्र कोंडू नका.

बरं, आता थांबते. लेक शाळेतून आली वाटतं. तिची उंची अजून खांद्याला पुरत नाही ना, म्हणून मावशी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आहे.