प्रत्येकी दोन मिनिटं

प्रभावतीबाईंच्या पदराला माईक लावता लावता मीनाने पुन्हा बजावलं, "दोन मिनिटं. वर एक सेकंद न्हाई."

मंठ्याच्या केबल चॅनलवर नगरपंचायतीची निवडणूक मीनाच सांभाळायची. उमेदवार गाडीतून येवो नाहीतर पायी, वेळ सगळ्यांना सारखा. मालकाच्या मेव्हण्यालासुद्धा तिने बोलता बोलता तोडलं होतं. तिला नावं ठेवणारे गावात पुष्कळ, पण ही बाजू घेते असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि याचा तिला केवढा तोरा!

प्रभावतीबाईंचं बोलणं कालच रेकॉर्ड झालं होतं. भीमनगरचा नळ, तुंबलेली गटार, सगळं सांगून झालं. त्यांच्यानंतर त्यांच्याविरुद्ध उभे असलेले अप्पाराव बसले आणि बिनदिक्कत बोलून गेले, की बाईंना तीन लेकरं आहेत, अर्जात दोनच दाखवलीत. दोनाच्या वर लेकरं असली की उमेदवारी बाद. आरोप झाला म्हणून मीनानेच बाईंना पुन्हा बोलावलं होतं. जुनं पुसायचं, नवं बोलायचं, पण दोन मिनिटांतच.

बाईंनी पिशवीतून जन्माचा दाखला काढून तिच्या हातात दिला. आईच्या नावापुढे त्यांच्या बहिणीचं नाव होतं.

"बाळंतपणातच गेली ती. पोरगी चार दिवसांची होती. रूपालीला अजून माहीत न्हाई, ताई. आठवीत हाय. तुमच्या बातम्या रोज बघती."

"मंग?"

"तुम्हीच सांगा न बातमीत. आम्ही कागद तपासले, बाईचा अर्ज बराबर हाय. बस, एवढंच. पोरीचा विषय कशाला?"

मीनाने दाखला दोनदा वाचला. कागद अस्सल होता. तिचा जीव तुटला, पण तिने दाखला परत केला.

"मी सांगितलं तर मी तुमच्या बाजूची झाले, बाई. तुमच्या वेळात तुम्हीच बोला."

प्रभावतीबाईंनी दाखल्याची घडी करून पिशवीत ठेवली. मीनाने मोबाईलवरचं घड्याळ सुरू केलं.

"मी प्रभावती. अप्पाराव बोलले ते खरं हाय. मला तीन लेकरं हाईत. तिन्ही माझीच."

एवढं बोलून त्यांनी माईक स्वतःच काढला आणि टेबलावर ठेवला.

"बाई, तुमची अजून पावणेदोन मिनिटं बाकी आहेत."

"राहू द्या," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

हे लावूच नये, असं मीनाला वाटलं. पण एकाचं लावायचं आणि एकाचं नाही, हे तिच्याने होईना. संध्याकाळी सातला आधी अप्पाराव दिसले, बराबर दोन मिनिटं. मग प्रभावतीबाई. त्यांच्या उरलेल्या वेळात तिने पडद्यावर नुसतं त्यांचं नाव ठेवलं. आवाज काहीच नव्हता.

बातम्या संपल्या तसा अप्पारावांचा फोन आला.

"मॅडम, मानलं तुम्हाला. इतकं निःपक्ष चॅनल सगळ्या जालना जिल्ह्यात न्हाई."

"आभारी आहे," मीना सवयीने म्हणून गेली.