पाठीला विचारलेला प्रश्न

पुसदच्या नव्या कॉलेजाचं ग्रंथालय तेव्हा एका जुन्या जिनिंगच्या गोदामात होतं. कापूस जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पुस्तकं येऊन दीड. पण आढ्याला चिकटलेला कापूस अजून अधूनमधून खाली उतरायचा आणि एखाद्या पोराच्या डोक्यावर, नाही तर नेमका उघड्या पानावर येऊन बसायचा. ग्रंथपाल पुंडलिकराव तो चिमटीनं उचलत, खिशात ठेवत आणि घरी नेऊन देवापुढच्या वाती वळत.

"सरस्वतीच्या घरचा कापूस हाय," म्हणत. "फुकट कायले घालवाचा?"

या पुंडलिकरावांनीच बासष्ट सालच्या पोळ्यानंतर ती पेटी सुरू केली. चहाची रिकामी पेटी, झाकणाला बोटभर फट, वर पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'काहीही विचारा. नाव लिहू नका.' नवी पोरं खेड्यापाड्यांतून, तांड्यांवरून आलेली. कोणाला काही विचारायचं म्हटलं की मान खाली जायची. पेटीला मात्र कोणी लाजत नव्हतं.

शुक्रवारी पेटी उघडायची. पुंडलिकराव प्रत्येक प्रश्न स्वतःच्या अक्षरात उतरवून काढत, खाली उत्तर लिहीत, आणि शनिवारी दुपारी तो कागद दाराजवळच्या फळीवर लावत. मूळ चिठ्ठ्या रविवारी सकाळी घरच्या बंबात जात. त्यांच्यावर तापलेल्या पाण्यानं पुंडलिकराव अंघोळ करत आणि गेल्या आठवड्याचं सगळं विसरून गेलो असं म्हणत. विसरायला काही जमायचं नाही, कारण पुस्तक नेताना प्रत्येक पोराला स्वतःच्या हातानं चिठ्ठी भरावी लागे, त्यामुळे साऱ्या कॉलेजाची अक्षरं त्यांना तोंडपाठ होती. पण गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून त्यांनी पोरांना शब्द दिला होता, की पेटीतलं नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही.

प्रश्न तरी कसले कसले! 'पेपरच्या आधी दही खाल्लं तर पेपर सोपा जातो काय?' यावर उत्तर, 'दही पोटात जाते, पेपर नागपूर विद्यापीठातून येतो. दोघांची भेट होत नाही.' कोणी विचारलं, 'न्यूटनच्या डोक्यावर पडलेलं सफरचंद पुढं कोणी खाल्लं?' त्यासाठी पुंडलिकरावांनी तीन पुस्तकं पालथी घातली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'कुठंच लिहिलेलं नाही. मी असतो तर मी खाल्लं असतं.'

पुंडलिकरावांना कीर्तनाचं भारी वेड. दर गुरुवारी दिवेलागणीला विठ्ठलमंदिरात कीर्तन असायचं, आणि बुवांच्या समोरची, खांबाजवळची जागा त्यांची ठरलेली. बुवा पूर्वरंगात सिद्धांत मांडतात, मध्ये हार आणि बुक्का होतो, मग उत्तररंगात आख्यान लागतं आणि माणूस हसता हसता कधी डोळे पुसायला लागतो ते त्यालाही कळत नाही. हे ऐकून ऐकून पुंडलिकरावांच्या उत्तरांनाही तसंच वळण पडलं होतं. आधी चार ओळी सिद्धांताच्या, मग एक छानशी गोष्ट. गोष्टीत रंग भरायचा मोह त्यांना आवरत नसे. पोरं खरं म्हणजे गोष्टीसाठीच गर्दी करत.

त्या शुक्रवारी पेटीतून एक चिठ्ठी निघाली. 'काही सर पूर्ण तास फळ्याकडे तोंड करून शिकवतात. आम्ही पाठीले प्रश्न कसा विचारायचा?'

अक्षर उजवीकडे कललेलं, वेलांट्या लांबच लांब. भावसिंग राठोड. पुंडलिकरावांनी चिठ्ठी घाईनं उलटी ठेवली, जणू तसं केलं की ओळख पुसली जाईल. भावसिंग शेंबाळपिंपरीकडच्या एका तांड्यावरचा, तांड्यातून कॉलेजात आलेला पहिलाच. घरून ज्वारीच्या भाकरी आणि चटणी बांधून आणायचा आणि ग्रंथालय उघडायच्या आधी पायरीवर बसून असायचा.

प्रश्न सभ्य होता. कोणाचं नाव नव्हतं. पुंडलिकरावांनी सिद्धांत लिहिला, की सांगणारा आणि ऐकणारा समोरासमोर आले म्हणजेच विद्या इकडून तिकडं जाते. मग आख्यान लागलं. एक राजगवई होता. तो दरबाराकडे पाठ करून भिंतीलाच गाणं ऐकवायचा. दहा वर्षांत भिंत चांगली तयार झाली, दरबार मात्र कोरडाच राहिला. लेखणी रंगात आली. गवयाला काळा लांब कोट चढला. कोटाच्या पाठीला, डाव्या खांद्याखाली, एक तपकिरी ठिगळ लागलं. हे ठिगळ कुठून आलं ते पुंडलिकरावांना त्या वेळी सुचलंही नाही. लिहिता लिहिता आलं, छान वाटलं, ठेवलं.

शनिवारी फळीपाशी हसण्याचा असा कल्लोळ उठला की कपाटावरची चिमणी उडाली.

"ठिगळ! अबे, ठिगळ वाच!"

"इठ्ठलराव सर! बिलकुल इठ्ठलराव सर!"

पुंडलिकराव टेबलावरून उठले आणि जागीच थिजले. गणिताचे प्रोफेसर विठ्ठलराव पोरांच्या मागं उभे होते. काळा लांब कोट. पोरं बाजूला झाली. विठ्ठलरावांनी सगळा कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यांचा उजवा हात हळूच मागं, डाव्या खांद्याकडे गेला आणि ठिगळ चाचपून खाली आला. ते वळले आणि निघून गेले.

संध्याकाळी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. साहेब शिस्तीचे, आवाजाचे जबर.

"पुंडलिकराव, हा प्रश्न कोणी टाकला?"

"साहेब, चूक माही हाय. पोरानं कोणाचं नाव घेतलं नवतं. ठिगळ मी लावलं."

"तुमच्या ठिगळाचं मी नंतर पाहतो. आधी मुलाचं नाव. प्राध्यापकांची चेष्टा या कॉलेजात चालणार नाही. नाव काढून टाकणार आहे मी त्याचं."

"परीक्षा दोन महिन्यांवर आली, साहेब."

"हे त्यानं चिठ्ठी टाकायच्या आधी पाहायचं होतं. तुम्हाला सगळ्यांची अक्षरं ठाऊक आहेत. ठाऊक नाही, असं म्हणता?"

पुंडलिकरावांचा हात माळेकडे गेला. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "पण सांगता येत नाही."

"पुढच्या शनिवारी अकरा वाजता सांगता येईल," साहेब म्हणाले. "नाही तर पेटी बंद, आणि ग्रंथालयाला दुसरा माणूस."

घरी इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना नवऱ्याचं कीर्तनवेड लग्नापासून माहीत.

"रंग भरा, रंग भरा! आता माणसालेच रंगवून ठेवलं ना तुमी! त्या बिचाऱ्याचं ठिगळ तुमाले दिसलं, ते लावून देणारं घरात कोणी नाही, हे नाही दिसलं?"

"नाही दिसलं," पुंडलिकराव म्हणाले, आणि त्या दिवशी वरण न घेताच उठले.

सोमवारी ग्रंथालय रिकामं असताना भूगोलाच्या कपाटामागून आवाज आला. माणूस दिसत नव्हता, धोतराचा सोगा तेवढा दिसत होता.

"काका, समजा एखाद्यानं एखादी चिठ्ठी टाकली..."

"मी कपाटाशी बोलत नाही."

"समजा तो सायबाकडं गेला अन् म्हणाला मीच टाकली..."

"तर तो एखादा गाढव हाय. त्यानं निमूट बसून गणित करावं."

"पण काका, तुमची नोकरी..."

"कपाटा, गप बस!" पुंडलिकराव ओरडले, आणि लगेच हळू आवाजात म्हणाले, "अन् भाकर खाल्ली नसंल तर खाऊन घे."

बुधवारी त्यांच्यानं राहवलं नाही. शुक्रवारची वाट न पाहता त्यांनी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती, चौपदरी घडीची. अक्षर छापल्यासारखं, ओळी मोजपट्टीनं आखल्यासारख्या. हे अक्षर ते दर महिन्याला गणिताच्या पुस्तकांच्या मागणीपत्रावर पाहत.

'वर्गाकडे पाहिलं की घशाला कोरड पडते आणि येत असलेलंही आठवेनासं होतं. फळ्याकडे तोंड केलं की सगळं सुचतं. दहा वर्षं असंच आहे. यावर उपाय असल्यास पुस्तकाचं नाव आणि क्रमांक द्यावा.'

पुंडलिकरावांनी ती चिठ्ठी दोन्ही हातांत धरली. मोठा विद्वान माणूस, आणि पोरांच्या पेटीत चिठ्ठी टाकायला आला! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लागलीच, कसं कोण जाणे, हसूही आलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की सर पोरांना मोजत नाहीत. सर तर पोरांना भीत होते.

पुस्तकं त्यांनी पाहिली. मानसशास्त्राचं एकच होतं, इंग्रजी, तेही वाळवीनं अर्धं वाचून टाकलेलं. ते त्यांनी परत कपाटात ठेवलं. आणि त्यांना आठवली कीर्तनातली एक गोष्ट, जी हजार वेळा पाहूनही कधी नीट पाहिली नव्हती. बुवा पुढं उभे असतात आणि मागं झांजकरी. त्याला एक शब्द बोलायचा नसतो. त्यानं फक्त ठेका धरायचा आणि श्रोत्यांकडे तोंड करून उभं राहायचं.

गुरुवारी सकाळी फळीवर उत्तर लागलं. मूळ प्रश्न त्यांनी वर लिहिलाच नाही. 'एका प्रश्नाचं उत्तर. क्रमांकाचं पुस्तक नाही. आज दिवेलागणीला विठ्ठलमंदिरात बुवांच्या मागं झांज धरायला माणूस कमी आहे. बोलावं लागत नाही. उभं राहावं लागतं.' खाली आख्यान नव्हतं. पोरं कागद उलटा करून पाहू लागली.

"काका, गोष्ट कुठं हाय?"

"गोष्टी संपल्या."

संध्याकाळी नेरचे बुवा आले होते. तबला जुळला, बाजाच्या पेटीचा सूर लागला. पुंडलिकराव आज आपल्या खांबाजवळ बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले. झांजेची जोडी त्यांच्या हातात होती. नमन सुरू झालं. कोणी आलं नाही. बुवांनी मागं वळून पाहिलं. पुंडलिकरावांनी त्यांना हातानंच थांबा म्हटलं. आणि तेवढ्यात पायरीवर काळा कोट दिसला.

पुंडलिकरावांनी झांज पुढं केली, विठ्ठलरावांनी घेतली आणि ते बुवांच्या मागं जाऊन उभे राहिले. डोळे गच्च मिटलेले. पण गणिताचा माणूस, ठेका पहिल्या दोन आवर्तनांतच हाताला बसला. पूर्वरंग संपेतो डोळे मिटलेलेच होते. बुक्का लावायला आलेल्या म्हाताऱ्या रामीबाईनं त्यांच्या कपाळाकडे हात नेला आणि म्हटलं, "डोये उघड ना, बाप्पा. कपाय कोठं अन् नाक कोठं, मले दिसत नाही." सर हसले. डोळे उघडले.

समोर शंभर माणसं होती. कोणी डोलत होतं, कोणी पेंगत होतं, एक मूल आईच्या बांगड्या चावत होतं. सरांकडून कोणाला काही हवं नव्हतं, जे हवं होतं ते सगळ्यांना बुवांकडून मिळत होतं. उत्तररंग लागला. पहिल्या रांगेत प्रिन्सिपॉलसाहेब बसलेले दिसले तेव्हा सरांचा एक ठोका चुकला, एकच. भावसिंग दिसला तेव्हा चुकला नाही. आणि गजर सुरू झाला, सारं देऊळ टाळ्या पिटू लागलं, तेव्हा विठ्ठलराव शंभर माणसांच्या डोळ्यांत डोळे घालून झांज वाजवत होते, आणि दाराशी पुंडलिकराव टाळी वाजवायचंच विसरून उभे होते.

शनिवारी अकराला ते साहेबांसमोर उभे राहिले.

"ठाऊक हाय, पण सांगत नाही, साहेब. पेटीची किल्ली ही. ग्रंथालयाच्या किल्ल्या ह्या."

साहेबांनी किल्ल्यांकडे हात नेला आणि दार वाजलं. विठ्ठलराव आत आले. नजर आधी भिंतीवरच्या नकाशाकडे गेली, मग ओढून आणल्यासारखी साहेबांवर येऊन टेकली.

"साहेब, चेष्टा माझी झाली असं आपण म्हणता. मी तक्रार केलेली नाही."

"तुम्ही नाही केली, पण शिस्त..."

"प्रश्न बरोबर होता." सरांच्या घशाला कोरड पडली होती, ते ऐकू येत होतं, पण ते थांबले नाहीत. "दहा वर्षांत मला कोणी विचारला नव्हता. विचारणाऱ्याचं नाव काढलंत तर मी परत फळ्याकडेच वळेन, आणि या वेळी कायमचा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. या माणसाचा चेहरा इतका वेळ समोरून त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला होता.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. किल्ल्या त्यांनी पुंडलिकरावांकडे सरकवल्या. "पण उद्या त्या पेटीत कोणी माझ्याबद्दल विचारलं, तर?"

"तर उत्तर एका ओळीत देईन, साहेब," पुंडलिकराव म्हणाले. "ठिगळाशिवाय."

साहेबांना हसू आवरलं नाही.

मंगळवारी गणिताचा तास सुटला आणि भावसिंग धापा टाकत ग्रंथालयात आला. या वेळी कपाटामागं न जाता सरळ टेबलाशी.

"काका, मोठी पंचाईत झाली! सर आता आमच्याकडं पाहूनच शिकवून राह्यले!"

"मग? चांगलं झालं ना."

"कशाचं चांगलं? मांगच्या बाकावर कोण झोपून राह्यलं तेबी दिसते त्याहिले! आज मलेच नाव घेऊन उभं केलं अन् गणित विचारलं. मले आलं नाही. म्हणे, उद्या पुन्हा विचारतो."

पुंडलिकराव उठले, गणिताच्या कपाटाकडे गेले, दोन पुस्तकं काढली, जरा विचार केला आणि तिसरंही काढलं.

"हे घे," ते म्हणाले. "अन् चिठ्ठी भर. नाव लिहून."