वरच्या मजल्यावरची मीटिंग

हॉलला एसी लावायचा की कूलर, हे ठरवण्याआधी मी चार गोष्टी विचारतो. माणसं किती, बसणार किती वेळ, छत कशाचं, वीज जाते किती. वडूजच्या शादीखान्याला मात्र काही विचारलं नाही. गाव आपलं, सगळं ठाऊक. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

खाली पुरुषांना एसी दिले. वर पत्र्याखाली बायका. कमिटी म्हणाली, "वर पंखं बास हायत." मी मान डोलावली. लग्नात पुरुष वर जात नाहीत, मीही कधी गेलो नव्हतो. गेल्या मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नात पहिल्यांदा गेलो, तो अम्मीला उचलून खाली आणायला. तीन तास बसली होती ती. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. दुसऱ्या दिवशी दफन केलं.

मला रडू आलं नाही, अजून येत नाही. जेवतो, साइटवर जातो, लोक हसले की हसतो.

या एप्रिलात कडेगावच्या कमिटीनं बोलावलं. तिथंही जुना शादीखाना, वर तसाच पत्रा. अध्यक्ष रसूलचाचा नात्यातले, अम्मीच्या जनाज्याला खांदा दिलेले. म्हणाले, "मोहसीन, खाली एसी टाक. वर पंखं हायतच की."

"चाचा, मीटिंग वर घेऊ. दुपारी दोनला."

कुरकुरत सगळे वर आले. रस्त्यावरून बायका दिसू नयेत म्हणून खिडक्या कायमच्या बंद. मी सोबतच्या तापमापकाच्या काट्याकडं पाहिलं, बेचाळीस. मग सांगायला लागलो. पत्र्याला वरून पांढरा रंग, आतून थर्माकोलचं छत. इकडची हवा कोरडी, पाण्याचे कूलर चालतील. पण हवा बाहेर जायला हवी, नाहीतर नुसता दमटपणा. म्हणून खिडक्या उघडायच्या आणि बाहेरून जाळीचा आडोसा करायचा.

रसूलचाचांनी मान पुसली, टोपी काढून वारा घेतला आणि उठले. "लय उकडतंय रं. खाली बसून बोलू की."

"बसा चाचा. दहाच मिनिटं झाल्यात. अम्मी तीन तास बसली हुती."

चाचा परत जागेवर बसले. बाकीचेही हलले नाहीत.

वडूजच्या कामाच्या हिशेबाच्या कागदावर वरच्या मजल्यापुढं मी माणसांचा आकडा लिहिलाच नव्हता. इथं लिहिलं, दीडशे. सगळ्यांचे सदरे घामानं भिजले होते. माझाही भिजला होता, पण मला काहीच होत नव्हतं.